मिठाच्या थरांतून जुना समुद्र कसा वाचावा

खडकाचा तुकडा हाती आला की त्यावर पाणी ओतून थर उजळून पाहण्याची भूवैज्ञानिकांना सवय असते. मिठाच्या बाबतीत ही सवय आधी मोडावी लागते, कारण जे वाचायचे तेच पाण्याबरोबर निघून जाते. हॅलाइटचा, म्हणजे उपवासाच्या सैंधवाचाच, काप कोरडा किंवा तेल वापरून काढावा आणि नमुना हवाबंद ठेवावा. सोबतच्या पांढुरक्या थरावर नखाने ओरखडा उठला तर बहुधा ते जिप्सम, म्हणजे पाणी धरून असलेले कॅल्शियम सल्फेट, असते; ओरखडा उठला नाही आणि सौम्य आम्लाच्या थेंबाने बुडबुडेही आले नाहीत, तर ॲनहायड्राइटची शक्यता धरावी. खोल गाडल्या गेलेल्या जिप्सममधले पाणी निघून त्याचे ॲनहायड्राइट होते आणि त्या बदलात मूळ स्फटिकांचे आकार बहुधा पुसले जातात. म्हणून मूळ पोत टिकलेले भाग आधी खुणा करून वेगळे काढावेत.

त्यानंतर थरांचा क्रम लावावा. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटू लागले की आधी कार्बोनेटे बसतात, क्षारता मूळच्या तिप्पट ते पाचपट झाली की जिप्सम आणि दहा-अकरापट झाली की हॅलाइट. पोटॅशियम व मॅग्नेशियमचे क्षार अगदी शेवटी येतात. मिठागरातही मीठ धरण्याआधी जिप्सम बसते, ते याच क्रमामुळे. खालून वर जाताना हा क्रम उलटला, म्हणजे हॅलाइटवर पुन्हा जिप्सम किंवा चिकणमाती आली, तर तेथे नवे पाणी शिरले असे समजावे.

जाडीचा हिशेब मात्र जपून करावा, कारण नवखा वाचक येथेच फसतो. भूमध्य समुद्राची सरासरी खोली सुमारे १,५०० मीटर आहे. तो एकदा पूर्ण आटला तर तळाशी जेमतेम २५ मीटर मीठ उरेल. प्रत्यक्षात मेसिनियन काळातले, म्हणजे सुमारे ५६ लाख वर्षांपूर्वीचे, मीठ काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड आहे. १९७० मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने भूमध्याच्या खोल तळातून बाष्पनज, म्हणजे पाणी आटून बनलेले, खडक वर काढले, तेव्हापासून या कोड्यावर वाद चालू आहे. जाड थर दिसला म्हणून समुद्र तितका खाली गेला होता असे मुळीच म्हणता येत नाही. जाडीवरून एवढेच कळते की अटलांटिकचे पाणी आत येण्याची वाट दीर्घकाळ किलकिली राहिली आणि आलेले पाणी उन्हात उडत गेले.

पाण्याची खोली जाडीवरून नव्हे, पोतावरून ठरवावी. तळावर उभे वाढलेले, पाकोळीच्या शेपटीसारखे जुळे जिप्सम स्फटिक बहुधा उथळ, शांत खारवणाचे, म्हणजे आटून अतिखारट झालेल्या पाण्याचे, असतात. स्पेनच्या सोर्बास खोऱ्यात ते माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेले दिसतात. सलग, पातळ, मैलोन्‌मैल जुळणाऱ्या पट्ट्या अधिक खोल पाणी सुचवतात, तर मातीत रुतलेले गाठाळ ॲनहायड्राइट अबू धाबीच्या किनाऱ्यासारख्या खारपट मैदानाची आठवण देते. तरीही खारवणाची खोली आणि खोऱ्यातील पाण्याची पातळी यांची गल्लत करू नये: खोल खोऱ्याच्या तळाशी गुडघाभर पाणीही असू शकते.

पाणी कोणते होते, हे रसायनशास्त्राला विचारावे. आजच्या समुद्रात स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ यांचे गुणोत्तर सर्वत्र ०.७०९२ च्या आसपास असते. जिप्सममधले गुणोत्तर त्या काळच्या समुद्रापासून ढळले असेल, तर नद्यांचा वाटा मोठा होता. हॅलाइटमध्ये ब्रोमिन फारच कमी असेल, तर आधीचे मीठ विरघळून पुन्हा बसले असावे. स्फटिकात अडकलेले खारवणाचे थेंब सर्वांत मोलाचे असतात, पण ते गरम झाले की त्यांतून मिळणारे मूळ पाण्याचे तापमान भरवशाचे राहत नाही.

समुद्रपातळीचा पुरावा मिठात शोधण्यापेक्षा खोऱ्याच्या कडेला शोधावा, असे माझे मत आहे. आस्वान धरणाच्या पाहणीत नाईलखाली, नदीमार्गे समुद्रापासून हजार किलोमीटरहून आत, आजच्या समुद्रपातळीच्याही खाली गेलेली आणि सागरी गाळाने भरलेली दरी सापडली. नदी आपल्या मुखाच्या पातळीखाली दरी कोरत नाही, त्यामुळे भूमध्य मोठ्या प्रमाणात खाली गेला होता हे येथे निखालस दिसते. नेमका किती, यावर मतभेद आहेत.

काळ मोजण्यासाठी जिप्समचे थर आणि त्यांमधले मातीचे थर यांच्या जोड्या मोजाव्यात. पृथ्वीच्या अक्षाचे डोलणे आणि तिच्या कक्षेचे फिरणे यांतून होणाऱ्या सुमारे २१,००० वर्षांच्या चक्राशी प्रत्येक जोडी जुळते, आणि सोर्बास व उत्तर इटलीतील १६-१७ जोड्या ५९.७ लाख ते ५६ लाख वर्षांपूर्वीचा काळ भरून काढतात. जाड हॅलाइट त्यानंतरच्या अवघ्या सुमारे ५०,००० वर्षांत बसले.

वाचनाचा वरचा शेवट सिसिलीत एराक्लेआ मिनोआच्या कड्यावर पाहावा. तेथे निमखाऱ्या पाण्यातल्या गाळावर, मधला कोणताही संक्रमणाचा थर न ठेवता, पांढरी चुनखडीयुक्त माती बसली आहे आणि तिच्यात उघड्या समुद्रातले सूक्ष्मजीव आहेत, ५३.३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिक परत आला तो या दोन थरांच्या मधल्या फटीत.