पीक, व्हीयू, आरएमएस, एलयूएफएस: एकाच आवाजाचे आकडे वेगवेगळे का येतात?

रेकॉर्डिंगची पातळी मोजणारे हे चार मीटर: पीक लाटेचं सर्वात उंच टोक दाखवतो, व्हीयू काट्याने संथ सरासरी, आरएमएस लाटेच्या ऊर्जेवरून काढलेली सरासरी, आणि एलयूएफएस कानाला जाणवणारा मोठेपणा. मीटर बिघडलाय असं ठरवण्याआधी सगळ्यांना एकच सोपा आवाज द्या. टोन जनरेटर घ्या, १००० हर्ट्झची साइन लाट लावा, शिखर उणे १८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली), दोन्ही चॅनलवर सारखी. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) शून्यावर, पातळी आपोआप दाबणारे कॉम्प्रेसर-लिमिटर बंद. सगळे मीटर मास्टरवर, म्हणजे अंतिम आउटपुटवर, एकाच जागी हवेत. एक फेडरच्या आधी आणि दुसरा नंतर असेल, तर पुढचं काहीच जुळणार नाही.

दहा सेकंद वाजवून पाहा. पीक मीटर उणे १८ दाखवेल, एलयूएफएसही जवळजवळ तेवढंच. व्हीयूचं शून्य उणे १८ला जुळवलेलं असेल तर काटा शून्यावर थांबेल. उणे २०ला जुळवलेलं असेल तर अधिक २ वर. आरएमएस मात्र कुठे उणे २१ दिसेल, कुठे उणे १८, आणि दोन्ही बरोबर. साइन लाटेचं गणिती आरएमएस शिखरापेक्षा ३.०१ डेसिबलने कमी असतं. एईएस-१७ या मोजणीच्या मानकाच्या पद्धतीत ते ३ डेसिबल परत मिळवतात. दोन मीटर प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या मीटरांत) नेमका ३चा फरक दिसला, की आधी सेटिंगमध्ये हा पर्याय शोधा.

आता एक चॅनल म्यूट करा. चालू चॅनलचा पीक हलणार नाही, पण एलयूएफएस उणे २१वर येईल, कारण त्यात सगळ्या चॅनलची ऊर्जा बेरजेत धरतात. मोनो फाइलचा घोळ इथलाच: मोनो म्हणजे एकाच चॅनलची म्हणून मोजली तर एक आकडा, आणि तीच दोन्ही चॅनलवर सारखी वाजली तर ३ने जास्त.

मग दोन्ही चॅनल चालू करून टोन ५० हर्ट्झवर आणा. पीक आणि आरएमएस जागच्या जागी, एलयूएफएस साडेचार डेसिबलच्या आसपास खाली. त्याच्या आत के-वेटिंग नावाचं फिल्टर असतं. ते खर्ज कमी धरतं आणि साधारण २००० हर्ट्झच्या वरचा भाग जास्त. म्हणून बास भरपूर असलेला मिक्स आरएमएसवर दणदणीत दिसतो आणि एलयूएफएसवर तेवढा नाही.

टोन एकसारखा असतो, खरा आवाज तसा नसतो. माइकसमोर टाळी वाजवा: पीक मीटर उसळी मारेल, व्हीयूचा काटा जेमतेम हलेल, कारण त्याला वर पोचायलाच ३०० मिलिसेकंद लागतात. एलयूएफएसमध्येही मोजणीच्या कालावधीच्या तीन खिडक्या आहेत: मोमेंटरी ४०० मिलिसेकंदांची, शॉर्ट-टर्म ३ सेकंदांची, आणि इंटिग्रेटेड पहिल्यापासून शेवटपर्यंतची. निम्मी भांडणं एकजण शॉर्ट-टर्म वाचतो आणि दुसरा इंटिग्रेटेड, यातूनच होतात. इंटिग्रेटेड वाचायचं तर आधी रीसेट दाबा आणि अख्खी फाइल वाजवा. कालची चाचणी मीटरच्या पोटात शिल्लक असेल तर आकडा फसवा येतो.

बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गंमत. इंटिग्रेटेड मोजमाप उणे ७० एलयूएफएसखालचं सगळं सोडून देतं, मग उरलेल्याच्या सरासरीपेक्षा १० एलयूहून (एक एलयू म्हणजे एक डेसिबलएवढा फरक) जास्त हळू असलेले भागही वगळतं. मुलाखतीतले लांब विराम त्यामुळे मोजणीत येत नाहीत. अख्ख्या फाइलचं सरासरी आरएमएस ते विराम धरतं आणि खाली घसरतं.

शेवटचा घोळ शिखरांचा. साधा पीक मीटर फक्त सॅम्पल, म्हणजे डिजिटल फाइलमध्ये ठराविक अंतराने टिपलेले लाटेचे बिंदू, वाचतो. लाटेचं खरं टोक दोन सॅम्पलच्या मध्ये असू शकतं. ट्रू पीक मीटर ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मधले बिंदू हिशोबाने काढून, ते टोक शोधतो, त्यामुळे उणे ०.१ दिसणारी फाइल तिथे शून्याच्या वर जाऊ शकते. ईबीयू आर १२८ या युरोपीय प्रसारकांच्या मानकात पातळी उणे २३ एलयूएफएस आणि ट्रू पीकची मर्यादा उणे १ आहे. तिथे साध्या पीकवर विसंबलात तर प्रसारकाकडून फाइल परत येऊ शकते. एमपी३ करणार असाल तर मोजणी रूपांतरानंतर पुन्हा करा, कारण त्यात शिखरं सरकतात.