गिटमध्ये एकाच फाइलची ओळ-अखेर बिघडत होती, तेव्हा

लिनक्सवर एक शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालेना. 'बॅड इंटरप्रिटर', आणि शेवटी ते कुप्रसिद्ध कॅरेट-एम. म्हणजे ओळींच्या शेवटी सीआरएलएफ, ही विंडोजची ओळ-अखेरची खूण; लिनक्सला फक्त एलएफ लागतं. पण प्रकल्पाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरातल्या .गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये (गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, कुठली फाइल कशी हाताळेल याचे नियम असलेली फाइल) तर सगळ्या शेल स्क्रिप्टना ईओएल=एलएफ, म्हणजे ओळ-अखेर एलएफ, लिहिलेलं! तासभर एडिटरलाच शिव्या घातल्या.

शेवटी 'गिट चेक-अ‍ॅट्र -ए' आणि पुढे फाइलचं नाव दिलं; फाइलला कुठले नियम लागू आहेत ते ही आज्ञा दाखवते. उत्तर आलं, ईओएल: सीआरएलएफ. गिटला माझा नियम मान्यच नव्हता. फक्त हा नियम कुठल्या फाइलमधून आला, ते ही आज्ञा सांगत नाही (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइली तपासणारी चेक-इग्नोर -व्ही सांगते, मग हिलाच काय झालं?). म्हणून हातानेच शोधलं. फाइलच्या जवळच्या फोल्डरमधला नियम वरच्या फोल्डरवर मात करतो, .गिट/इन्फो/अ‍ॅट्रिब्यूट्स सगळ्यांवर, आणि एकाच फाइलमध्ये नंतरची ओळ जिंकते. स्क्रिप्टच्याच फोल्डरात कुणीतरी दुसरी .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स ठेवली होती, तीत तारांकन (म्हणजे सगळ्या फाइली) आणि ईओएल=सीआरएलएफ.

ती ओळ काढली. चेक-अ‍ॅट्र लगेच एलएफ म्हणालं, पण स्क्रिप्ट तशीच! कारण डिस्कवरची प्रत आपोआप बदलत नाही. फाइल पुसून पुन्हा चेकआउट केली (गिटमधून नव्याने डिस्कवर आणली), तेव्हा चालली.