मुंबई–ऑकलंड: तिकीट काढण्याआधी नकाशा बघा

मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी विमान बदलावंच लागतं, आणि नवीन येणारी मंडळी नेमकी तिथेच फसतात. सरळ अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. मुंबई–सिंगापूर ३,९०० आणि सिंगापूर–ऑकलंड ८,४००. बेरीज करून बघा, वळसा जवळजवळ नाहीच. दुबईमार्गे मात्र आधी १,९०० किलोमीटर उलटं पश्चिमेला जायचं आणि मग १४,२०० किलोमीटर पूर्वेला यायचं. दुबई–ऑकलंड हा एकच टप्पा सोळा तासांच्या आसपास. थोडंफार स्वस्त मिळतं म्हणून लहान मूल घेऊन हा उद्योग करू नका.

सिंगापूरमार्गे साडेपाच आणि दहा असे तास धरा, वर थांबा. परतताना समोरून पश्चिमेचे वारे लागतात, म्हणून ऑकलंडहून सिंगापूरला थोडा जास्तच वेळ जातो. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हेही ध्यानात ठेवा. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी रात्री उतरलात, तर अख्खा दिवस विमानात गेला असं वाटेल. त्यातले साडेसात तास घड्याळानेच खाल्लेले असतात, कारण ऑकलंड भारताच्या तेवढं पुढे असतं. एप्रिल ते सप्टेंबर हा फरक साडेसहा तासांचा होतो. घरी फोन करताना गोंधळ ठरलेला.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडलीत तर सिंगापूरला बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, आणि बाहेर पडायचं तर व्हिसा लागू शकतो. ऑस्ट्रेलियामार्गे येणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. फुकट असतो, पण आधी काढावा लागतो. (पुणेकरांनो, या साऱ्या हिशेबात सर्वांत बेभरवशाचा टप्पा म्हणजे एक्स्प्रेसवेचा घाट. दुपारीच निघा.)

आता बॅग. मध, ताजी फळं, कढीपत्ता घरीच ठेवा. गोडा मसाला, मेतकूट, चकल्या, लाडू, जे काही खाण्याचं असेल ते जाहीर करा. ट्रॅव्हलर डिक्लरेशन (न्यूझीलंडमध्ये शिरताना सोबत काय आणलंय ते सांगणारा फॉर्म) ऑनलाइन भरायचं असतं, मोफत आहे आणि विमानप्रवास सुरू होण्याआधीच्या २४ तासांत भरता येतं. खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला बिनधास्त 'हो' म्हणा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, मग ते विसरून कोपऱ्यात राहिलेलं सफरचंद का असेना. पुड्यांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहा. मेतकूट म्हणजे काय, हे रात्री अकरा वाजता अधिकाऱ्याला समजावणं सोपं नाही.

आई-बाबा येणार असतील तर त्यांचं डिक्लरेशन तुम्हीच इथून भरा. पण आधी व्हिडिओ कॉलवर बॅग उघडून दाखवायला सांगा, कारण "काही नाही रे, थोडंसं लोणचं" म्हणजे किमान तीन बरण्या. सिंगापूरला टर्मिनल बदलावं लागलं तर त्यांची दमछाक होते. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा.