वेढ्यातलं शहर : मॉडेल बनवताना या चुका टाळा

उद्ध्वस्त शहराच्या मॉडेलमध्ये सगळ्यांत जास्त फसगत होते ती हातोडी लवकर उचलल्याने. आधी सुबक शहर बांधायचं आणि मग मन मानेल तिथे फोडायचं, असं केलं की मॉडेल भूकंपाचं दिसतं. वेढ्यातल्या पडझडीला दिशा असते. तोफा कुठे होत्या, सुरुंग कुठून खणला, हे नकाशावर ठरल्याशिवाय एक वीटही पाडू नका.

1683 चा व्हिएन्नाचा वेढा घ्या. तुर्कांचा मुख्य मारा बुर्ग आणि ल्योबेल या दोन बुरुजांवर आणि त्यांच्यामधल्या रॅव्हेलिनवर, म्हणजे तटापुढे खंदकात बांधलेल्या सुट्या त्रिकोणी बुरुजावर होता. भिंती पाडणाऱ्या अवजड तोफा त्यांच्याकडे कमीच होत्या, भिस्त होती सुरुंगांवर. तटाबाहेरची उपनगरं तर बचाव करणाऱ्यांनीच आधी जाळली. म्हणजे मॉडेलमध्ये बाहेर राख, एका बाजूला ढासळलेले बुरूज आणि आत बरंचसं उभं शहर. सेंट स्टीफन या तिथल्या मोठ्या चर्चचा मनोरा पाडून ठेवणारे हौशी लोक मी पाहिलेत. तो उभाच होता!

तारीखही ठरवा. 4 सप्टेंबरच्या सुरुंगाने बुर्ग बुरुजाला खिंडार पडलं, म्हणजे ऑगस्टच्या मॉडेलमध्ये ते दाखवता येणार नाही.

दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या शहरांचे 1945 चे फोटो बघून सतराव्या शतकातलं शहर रंगवणं. भरीव लोखंडी गोळा फुटत नाही. तो भिंतीला भोक पाडतो किंवा दगड उचकटतो. छपरातून आत शिरून फुटतो तो उखळी तोफेचा बाँब.

खिंडाराच्या आत विटाच विटा दाखवू नका. त्या काळच्या तटाला बाहेरून विटा-दगडांचा थर आणि मागे मातीचा भराव असे. थर कोसळला की माती घसरून खंदकात उतार तयार होतो आणि त्याच उतारावरून हल्ला चढतो. खिंडार पाडलंत आणि खंदक स्वच्छ ठेवलात, तर पडलेलं सगळं गेलं कुठे?

राडारोड्याचं माप सांभाळा. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी 1668 पासून बनत गेलेली किल्लेबंद शहरांची मॉडेलं 1:600 प्रमाणात आहेत. या प्रमाणात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे 60 सेंटिमीटरचा धोंडा! प्लास्टर कुटून चहाच्या गाळणीतून चाळा, वर उरेल ते बाजूला ठेवा. माझ्या पहिल्या मॉडेलात गल्लीगल्लीत घराएवढे दगड पडले होते.

पातळ केलेला डिंक थेंबाथेंबाने टाकताना भुकटी गोळा होऊन तरंगत असेल, तर आधी स्पिरिटचा हलका फवारा मारा. वाळल्यावर चकाकी राहिली, तर मॅट वार्निशचा एक हात पुरतो.

आणि मॉडेलखालचा लाकडी पाट कापण्याआधी मोजा. तटापासून 600 मीटरवरचा तोफांचा मोर्चा दाखवायचा, तर 1:600 मध्ये बाहेर पूर्ण एक मीटर जागा हवी. बहुतेकांचा पाट खंदकापाशीच संपतो.