फॉर्म लोकांपुढे ठेवण्याआधी: रकान्यातली माहिती वाचण्याची आणि तपासण्याची तयारी

वेब पानावरच्या फॉर्मसाठी जावास्क्रिप्टचा कोड लिहायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यापुढे चार गोष्टी लिहा: तो रिकामा चालेल का, त्यातून शेवटी काय हवं (मजकूर, संख्या, तारीख की होय-नाही), लहानात लहान आणि मोठ्यात मोठी मर्यादा कोणती, आणि चुकल्यावर भरणाऱ्याला नेमकं कोणतं वाक्य दिसेल. हे चौथं वाक्य सुचत नसेल तर तो नियम अजून ठरलेलाच नाही असं समजा आणि तो ठरवूनच पुढे जा. तपासणीतल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याचशा चुका खरं तर वाचण्यातल्या असतात. रकान्यातून काय हाती आलं हे न पाहताच त्याला नियम लावला जातो. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी वाचा, मग साफ करा, मग हव्या त्या प्रकारात बदला आणि सगळ्यात शेवटी तपासा. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत. देवनागरी आकड्यांचा मुद्दा येईल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी ठिकाणी कोडमध्ये इंग्रजी आकडेच समजा.

एचटीएमएलची बाजू आधी उरका. प्रत्येक रकान्याला लेबल हवं आणि नेम हवं. नुसता आयडी दिला आणि नेम विसरलं, तर फॉर्मडेटा, म्हणजे फॉर्ममधली सगळी माहिती एकत्र गोळा करणारी वस्तू, तो रकाना उचलतच नाही आणि तशी सूचनाही देत नाही. डिसेबल्ड केलेला रकाना पाठवला जात नाही आणि तपासलाही जात नाही; रीडओन्ली पाठवला जातो, पण ब्राउझर तो तपासत नाही. फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते आपोआप सबमिटचं बटण होतं, म्हणून ‘आणखी एक ओळ जोडा’ यासारख्या बटणांना टाइप बटण असं स्पष्ट लिहा. कुठल्याही बटणाचं किंवा रकान्याचं नेम ‘सबमिट’ ठेवू नका, कारण त्यामुळे फॉर्मचं त्याच नावाचं फंक्शन झाकलं जातं आणि पुढे ते बोलावलं की ‘हे फंक्शन नाही’ असा एरर येतो. स्क्रिप्टच्या टॅगला डिफर लावा, नाहीतर पान तयार होण्याआधीच कोड धावतो आणि आयडीवरून रकाना शोधणारं गेटएलिमेंटबायआयडी नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देतं.

आता वाचणं. व्हॅल्यू नेहमी सबमिट झाल्याच्या क्षणी, त्या घटनेच्या (इव्हेंटच्या) फंक्शनच्या आत वाचा. फाइलच्या सुरुवातीला व्हेरिएबलमध्ये साठवलेली व्हॅल्यू ही पान उघडलं तेव्हाची असते, म्हणजे बहुतेक वेळा रिकामी. गेटअॅट्रिब्यूटने व्हॅल्यू मागितली तरी तेच होतं: एचटीएमएलमध्ये लिहिलेली मूळ किंमत मिळते, टाइप केलेली मिळत नाही. ऐकायचं ते फॉर्मची सबमिट घटना, बटणाची क्लिक नव्हे. रकान्यात एंटर दाबून पाठवणारेही असतात. चेकबॉक्सची व्हॅल्यू खूण असो वा नसो तीच राहते, आणि दिलेली नसेल तर ती ‘ऑन’ असते. खूण आहे का हे चेक्ड सांगतं. रेडिओच्या गटाची निवड फॉर्मच्या एलिमेंट्समधून गटाच्या नेमने मागा, काहीच निवडलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, येते. अनेक पर्याय निवडता येणाऱ्या यादीसाठी फॉर्मडेटाचं गेटऑल वापरा, कारण नुसतं गेट फक्त पहिला पर्याय देतं. फाइलच्या रकान्यात फाइल्स ही यादी बघा. साइझ बाइटमध्ये मिळते, तेव्हा ५ एमबीची मर्यादा म्हणजे ५२,४२,८८० बाइट. अॅक्सेप्ट हा फक्त इशारा आहे, दुसऱ्या प्रकारची फाइल निवडणं त्याने थांबत नाही.

संख्यांसाठी वेळ राखून ठेवा, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रकान्याचा टाइप नंबर असला तरी व्हॅल्यू स्ट्रिंगच असते, म्हणून १० मध्ये ५ मिळवायला गेलात तर १५ ऐवजी १०५ मिळतात. नंबर या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली की ते ० देतं, नुसत्या स्पेस दिल्या तरी ०. म्हणजे वय भरलंच नाही आणि वय शून्य भरलं, यातला फरक तिथेच पुसला जातो. रिकामेपणा नेहमी रूपांतराच्या आधी तपासा. पार्सइंट सुरुवातीचे आकडे घेऊन बाकीचं सोडून देतं, त्यामुळे ‘१२ किलो’चे निमूटपणे १२ होतात. पार्सफ्लोटला स्वल्पविराम कळत नाही. ‘१,२००’ दिलं तर उत्तर १. ही चूक सगळ्यात वाईट, कारण एरर येत नाही आणि चुकीची रक्कम पुढे जाते. नंबर फंक्शन अशा ठिकाणी निदान नॅन (‘ही संख्या नव्हे’) तरी देतं, पण ‘१ई३’ला ते १००० समजतं. यावर खात्रीचा मार्ग असा: आधी स्वल्पविराम काढा, मग उरलेल्या स्ट्रिंगमध्ये फक्त आकडे आणि चालत असेल तर एक दशांश बिंदू आहे हे रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा साचा जुळवणाऱ्या नियमाने, बघा, मग नंबरने बदला, मग नंबरच्या इझफायनाइटने खात्री करा आणि शेवटी मर्यादा तपासा.

टाइप नंबरच्या रकान्यात कुणी वाचता न येणारं काही लिहिलं तर ब्राउझर व्हॅल्यू रिकामी देतो आणि व्हॅलिडिटीमध्ये बॅडइनपुट खरं होतं. ते न पाहता तुम्ही ‘हा रकाना भरा’ म्हणालात तर भरणारा गोंधळतो, त्याला समोर भरलेलं दिसतंय. त्याच रकान्याचा स्टेप, म्हणजे किती अंतराच्या संख्या चालतील ते, ठरवला नसेल तर तो १ असतो, त्यामुळे २.५ नाकारलं जातं. दशांश हवे असतील तर स्टेप ०.०१ किंवा एनी ठेवा. फोन नंबर, ओटीपी, कार्ड नंबर या संख्या नव्हेत, आकड्यांनी लिहिलेली नावं आहेत. त्यांची बेरीज कुणी करत नाही. त्यांना टाइप टेक्स्ट किंवा टेल आणि इनपुटमोड न्यूमरिक द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो आणि पुढचं शून्य शाबूत राहतं. शिवाय जावास्क्रिप्टची संख्या ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकांना भरवशाची राहत नाही. शेवटी ९३ असलेली ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या बदलून बघा, ९२ वर संपलेली परत मिळेल.

मराठी कीबोर्ड वापरणारे आकडेही देवनागरीत लिहितात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. जावास्क्रिप्टला मात्र देवनागरी १२ म्हणजे नॅन, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. युनिकोड ही प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत २४०६ आणि नवाचा २४१५. म्हणून देवनागरी आकडा दिसला की त्याच्या चारकोडअॅटमधून २४०६ वजा करा, हवा तो आकडा मिळतो. रिप्लेसची ही एक ओळ साफसफाईच्या फंक्शनमध्ये घाला आणि ‘कृपया इंग्रजीत आकडे लिहा’ हे वाक्य कागदावरून खोडून टाका.

साफसफाईत पहिलं ट्रिम, म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पेस काढणं. रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) लावलेला साधा मजकुराचा रकाना नुसत्या स्पेसनी भरला तरी ब्राउझर तो मान्य करतो, म्हणून ट्रिमनंतर काही उरतं का हे स्वतः बघा. ट्रिम न तुटणारी स्पेसही काढतं, पण शून्य रुंदीची स्पेस, म्हणजे युनिकोड २००बी, तशीच राहते. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरात ती लपून येते. पासवर्ड मात्र ट्रिम करू नका, त्यातली स्पेस भरणाऱ्याने जाणूनबुजून दिलेली असू शकते. मग नॉर्मलाइझ एनएफसी चालवा, त्याने एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी होतात. ‘ऱ’ हे अक्षर एका कोडनेही लिहिता येतं आणि ‘र’ला नुक्ता (खालचं टिंब) जोडून दोन कोडनेही, दिसायला एकच, तुलना केली तर वेगळं. तेव्हा शोधताना नाव सापडत नाही आणि कारण डोळ्यांना दिसत नाही.

नावाच्या रकान्यात फक्त ए ते झेड चालवणारा नियम कुठून तरी उचललेला असतो, तो आधी काढा. रेग्युलर एक्स्प्रेशनला युनिकोडचा यू फ्लॅग लावून वर्ग ‘एल’, म्हणजे अक्षरं, घेतला तरी अर्धंच काम होतं: ‘कमल’ पास होते आणि ‘कमला’ नापास. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी चिन्हं वर्ग ‘एम’मध्ये येतात, म्हणून दोन्ही वर्ग एकत्र घ्या. त्यांच्या जोडीला स्पेस, टिंब, हायफन, अपॉस्ट्रॉफी, आणि शून्य रुंदीचे जोडक-विजोडक २००डी व २००सी असू द्या. काही कीबोर्ड जोडाक्षरांसाठी ते वापरतात. खरं तर नाव रिकामं नाही आणि अवाजवी लांब नाही एवढंच तपासणं पुरेसं असतं. स्वतःचंच नाव ‘अवैध’ ठरलेलं वाचायला लागणं अपमानास्पद आहे.

लांबी मोजताना लेंग्थ यूटीएफ-१६ या साठवण पद्धतीचे एकक मोजतं. ‘स्वातंत्र्य’ वाचताना तीन अक्षरं दिसतात, लेंग्थ ११ सांगतं, आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना ३३ बाइट लागतात. मॅक्सलेंग्थही हेच एकक मोजतं, तेव्हा २० ची मर्यादा इंग्रजीत ऐसपैस वाटली तरी मराठीत चटकन संपते. डेटाबेसची मर्यादा बाइटमध्ये असेल तर टेक्स्टएन्कोडरने बाइट मोजा. टेक्स्टएरियात आणखी एक खोच आहे: जावास्क्रिप्टला नवी ओळ एक चिन्ह दिसते, फॉर्म पाठवताना तिची दोन होतात, आणि काठोकाठ भरलेला मजकूर सर्व्हरवर नाकारला जातो.

तारखेचा रकाना पडद्यावर कसाही दिसो, व्हॅल्यू वर्ष-महिना-दिवस अशीच असते. नुसती तारीख जावास्क्रिप्टच्या डेटला दिली की ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र धरली जाते, त्यामुळे ग्रीनिचच्या पश्चिमेकडच्या वेळेत आदला दिवस दिसतो. आज किंवा उद्याशी तुलना करायची असेल तर दोन्हींची स्ट्रिंग म्हणूनच तुलना करा, या मांडणीत क्रम बरोबर लागतो. मात्र आजची स्ट्रिंग टूआयएसओस्ट्रिंगमधून कापून घेऊ नका, तीही यूटीसीच. वर्ष, महिना, दिवस वेगळे काढा, महिन्यात १ मिळवा (तो ० पासून मोजला जातो) आणि पॅडस्टार्टने शून्य जोडा. दिवस-महिना-वर्ष तीन रकान्यांत घेत असाल तर डेट ३१ फेब्रुवारी २०२३ मुकाट्याने ३ मार्च करते. बनवलेल्या तारखेतून दिवस परत वाचून तो भरलेल्याशी जुळतो का ते बघा.

ब्राउझरची स्वतःची तपासणी वापरणार असाल तर तिचे कोपरे माहीत हवेत. मिनलेंग्थ आणि मॅक्सलेंग्थ माणसाने टाइप केलेल्या मजकुरालाच लागू होतात, कोडने भरलेल्याला नाही. पॅटर्न रिकाम्या रकान्यावर चालत नाही. तो आपोआप पूर्ण मजकुराशी जुळवला जातो, पण तोच नियम जावास्क्रिप्टमध्ये नेलात तर सुरुवातीची आणि शेवटची खूण स्वतः घालावी लागते. नवे ब्राउझर पॅटर्न ‘व्ही’ फ्लॅगने वाचतात, त्यात चौकटी कंसातला सुटा हायफन चुकीचा ठरतो आणि मग अख्खा पॅटर्न दुर्लक्षिला जातो. हायफनआधी बॅकस्लॅश द्या आणि कन्सोल उघडून बघा. रेग्युलर एक्स्प्रेशनला जी फ्लॅग लावून टेस्ट पुन्हापुन्हा चालवली तर तोच मजकूर एकदा बरोबर, एकदा चूक ठरतो, कारण ते मागची जागा लक्षात ठेवतं. ईमेलच्या टाइपला ‘ए@बी’ चालतं. पत्ता खरा आहे का हे त्या पत्त्यावर दुवा पाठवूनच कळतं. सेटकस्टमव्हॅलिडिटीने संदेश लावलात तर माणूस पुन्हा टाइप करू लागताच रिकामी स्ट्रिंग देऊन तो पुसा; न पुसल्यास रकाना कायमचा चूक राहतो आणि फॉर्म जातच नाही. ब्राउझरचे तयार संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, म्हणून मराठी फॉर्मला ब्राउझरची तपासणी बंद करणारं नोव्हॅलिडेट लावून संदेश स्वतः दाखवणं बरं पडतं.

संदेश कधी दाखवायचा हेही ठरवून ठेवा. पहिल्याच अक्षराला लाल रेघ नको. रकाना सोडल्यावर तपासा आणि एकदा चूक दाखवली की पुढे प्रत्येक इनपुट घटनेवर, म्हणजे दुरुस्त होताच ती नाहीशी होते. कीडाउनवर विसंबू नका, पेस्ट केलेलं त्याला दिसत नाही. मराठी लिप्यंतराच्या कीबोर्डवर शब्द घडत असताना इझकंपोझिंग खरं असतं. तेवढ्या वेळात तपासू नका, कंपोझिशनएंडला एकदा तपासा. संदेश रकान्याखाली टेक्स्टकंटेंटने लिहा. भरणाऱ्याने लिहिलेला मजकूर इनरएचटीएमएलने परत पानावर टाकलात तर दुसऱ्याचा कोड तुमच्या पानावर चालू शकतो. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी रकान्याला एरिया-इनव्हॅलिड आणि संदेशाकडे बोट दाखवणारं एरिया-डिस्क्राइब्डबाय द्या, आणि सबमिट अडल्यावर फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या.

पाठवताना प्रिव्हेंटडिफॉल्ट पहिल्या ओळीत घ्या, म्हणजे पुढे एरर आला तरी पान उडून जात नाही. फॉर्मडेटा आधी बनवा आणि मगच रकाने डिसेबल करा. उलट केलंत तर रिकामा डेटा जातो. दुहेरी क्लिक टाळायला बटण बंद करा आणि ते फायनलीमध्ये परत उघडा, नाहीतर नेटवर्क तुटल्यावर माणूस बंद बटणासमोर अडकतो. कोडमधून पाठवायचं असेल तर रिक्वेस्टसबमिट. सबमिट फंक्शन तपासणी आणि सबमिट घटना दोन्ही टाळून थेट पाठवतं. हेच सगळे नियम सर्व्हरवर पुन्हा हवेत, कारण डेव्हलपर टूल्समधून रिक्वायर्ड काढून टाकायला काही सेकंद लागतात आणि ब्राउझर न वापरताही मागणी पाठवता येते. सर्व्हरने नाकारलेल्या रकान्याचं नेम परत पाठवावं, म्हणजे संदेश योग्य जागी दाखवता येतो.

प्रकाशित करण्याआधी प्रत्येक रकान्यात हे घालून बघा: काहीच नाही, तीन स्पेस, ०, उणे १, ‘१ई३’, ‘१,२००’, देवनागरी १२, एक इमोजी, ‘कमला’, कोनी कंसातला स्क्रिप्ट टॅग आणि दहा हजार अक्षरांचा पेस्ट केलेला मजकूर. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने फॉर्म भरा, नेटवर्क तोडून एकदा पाठवा, आणि बॅक दाबून परत आल्यावर बटण उघडं आहे ना ते बघा.