गणपतीला गावी जाताना: ट्रंकेतले फोटो आणि कॅसेटी ऑनलाइन न्यायची तयारी

यंदा गणपतीला गावी सगळे जमणारेत, दुबईवाले पण, आणि दरवर्षीसारखी माळ्यावरची ट्रंक खाली निघणार, फोटो हातोहात फिरणार, कोणीतरी म्हणणार "अगं हे स्कॅन करून ग्रुपवर टाक की", आणि विसर्जन झालं की ट्रंक परत माळ्यावर. यंदा हे काम उरकायचंच असं ठरवलंय म्हणून निघायच्या आधी काय काय करून ठेवायचं ते लिहून काढतेय, तुमच्याकडेही अशी ट्रंक असेल तर घ्या उपयोग करून. अपलोड हे शेवटचं आणि सगळ्यात सोप्पं काम आहे, कंबर मोडते ती त्याच्या आधीच.

सगळ्यात आधी जागा किती आहे ते बघा. गूगलच्या एका अकाउंटला फुकटात 15 जीबी मिळतात आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून, वेगवेगळे नाही. 1 जून 2021 च्या आधी क्वालिटी जराशी कमी केलेले फोटो मोजणीत धरत नव्हते, ती चैन संपली. अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पण आता ह्याच 15 मध्ये जातो, म्हणजे आत्याच्या गुड मॉर्निंगच्या फुलांनी आजीच्या फोटोची जागा खाल्लेली असते. आयफोनवाल्यांना आयक्लाउडवर 5 जीबी, ते तर काहीच नाही. त्यामुळे मी सरळ कुटुंबाच्या नावाने एक वेगळं अकाउंट काढलंय, कोणाच्याच रोजच्या मेलशी संबंध नसलेलं. पण वेगळं अकाउंट म्हणजे वेगळी डोकेदुखी पण, कारण गूगल 2 वर्षं न वापरलेलं अकाउंट आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं, म्हणून दर गणपतीला त्यात एकदा लॉगिन करायचं हे पूजेच्या सामानाच्या यादीतच लिहून ठेवलंय. ओटीपीसाठी कोणाचा नंबर द्यायचा हेही नीट ठरवा, रिचार्ज न केलेला नंबर बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो. बॅकअप कोड, म्हणजे ओटीपी येत नसेल तेव्हा लॉगिनला वापरायचे आकडे, कागदावर छापून घ्या, ते 10 असतात आणि एक कोड एकदाच चालतो. आमचा कागद काकूंच्या कपाटात आहे, बँकेच्या पासबुकांबरोबर.

आता सिंकचं. हे घरातल्या प्रत्येकाला बसवून समजवा, अगदी ऐकत नसले तरी. सिंक म्हणजे आरसा, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. आमच्या मामांनी फोन भरला म्हणून ॲपमध्ये जाऊन मुंजीचे सगळे फोटो निवडून उडवले, "वर क्लाउडवर आहेत ना" म्हणाले, आणि वरचेही गेले, कळलं तोवर कचऱ्याच्या डब्यातूनही गेलेले. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस, त्यानंतर कपाळाला हात. फोनमध्ये जागा करायची तर त्यासाठीचं वेगळं बटण असतं, ते फक्त फोनमधली कॉपी काढतं, ते दाखवून द्या. आणि एक हार्ड डिस्क हवीच, सिंकला न जोडलेली, काम झालं की काढून ठेवायची. दोन असतील तर दुसरी दुसऱ्या गावात, कोकणातल्या दमट हवेवर माझा विश्वास नाही.

फोटोंना वेळ लागतो, तो धरून चला. मी मागे एका स्टुडिओत शंभरेक फोटो स्कॅनला दिले होते, आले ते इतके बारीक की मोठे केल्यावर आजोबांच्या टोपीचा नुसता ठिपका, त्यामुळे आता आधीच सांगायचं, 600 डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके), निदान 300 तरी. पोस्टकार्ड साइजचा फोटो 600 ला स्कॅन केला की साधारण साडेआठ मेगापिक्सलचा होतो, पुरतो. फोनने काढणार असाल तर फोटो आल्बमच्या प्लास्टिकमधून बाहेर काढा, नाहीतर ट्यूबलाइटची रेघ येते. चिकटलेला असेल तर ओढू नका हो, आहे तसाच घ्या. आणि मागची बाजूही घ्या! आमच्याकडे एका फोटोमागे पेन्सिलीने "बाळ आजारी असताना" एवढंच लिहिलंय, पुढच्या बाजूने ते कधीच कळलं नसतं. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करायचं, आणि आकडे इंग्रजीच ठेवायचे, कारण काही आकडे देवनागरीत काही इंग्रजीत असले की यादीत क्रम लागत नाही. शिवाय स्कॅन केलेला फोटो आजच्या तारखेला जाऊन बसतो, म्हणजे आजोबांचं लग्न यंदाच्या ऑगस्टमध्ये. ॲपमध्ये तारीख बदलता येते पण पुढे सगळं डाउनलोड केलं की ती बदललेली तारीख बरोबरच्या वेगळ्या फाइलीत येते, फोटोच्या आत नाही, म्हणून नावात वर्ष असलेलं बरं.

कोण कोण आहे हे विचारायला एक माणूस लागतो आणि तो म्हणजे आत्या. दुपारी जेवणं झाल्यावर, झोपायच्या आधी, पडवीत. फोटो दाखवायचा, फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगायचं आणि बोलू द्यायचं.

व्हॉट्सॲपवर फोटो मागवू नका, येताना तो दाबून लहान होतो. मागवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पण डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठे काढला ती जागाही जशीच्या तशी येते, लोकेशन चालू असेल तर घराच्या अंगणापर्यंत, त्यामुळे बाहेर टाकण्याआधी ती काढायची. काकांनी वंशावळ जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती गिचमिड दिसते, ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखंच दिसणाऱ्या अक्षरांत आणायची, नाहीतर शोधूनही कधी सापडणार नाही.

आणि कॅसेटी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या दोन कॅसेटींवर आहेत, नव्वद मिनिटांच्या. लावायच्या आधी खिडकीतून टेप बघा, पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, जाणकाराकडे द्या. आतला तो छोटा स्पंजचा तुकडा जागेवर आहे ना तेही बघा. मग प्लेअरचं हेड, म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग, स्पिरिटने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. लॅपटॉपला आवाज आत घ्यायची पिन बरेचदा नसते म्हणून यूएसबीचं साउंड कार्ड लागतं, रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. मूळ वेव्ह फाइल (न दाबलेला आवाज) ठेवा, सीडीच्या दर्जाची तासाला साधारण 635 एमबी होते, आणि पाठवायला एमपीथ्री, 128 केबीपीएसची तासाला 60 एमबीच्या आतच बसते.

शेअर करणं वेगळं आणि प्रसिद्ध करणं वेगळं, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. ड्राइव्हवर "लिंक असलेला कोणीही" ठेवलं की ती लिंक भावाच्या सासुरवाडीत पोचायला एक दिवस लागतो, म्हणून फोल्डर नावानिशी, मेल टाकून, आणि बदल करायची मुभा दोघांनाच. यूट्यूबचं अनलिस्टेड म्हणजे खाजगी नाही, लिंक मिळेल तो बघू शकतो.

ओव्या मात्र जगाला द्याव्यात असं मला वाटतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांत फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि तिथे गाणारीचं नाव, गाव, तालुका सगळं दिलेलं असतं, तसंच आपणही लिहायचं. मी इंटरनेट आर्काइव्हवर, म्हणजे कोणालाही फुकट बघता-ऐकता येणाऱ्या ऑनलाइन संग्रहावर, टाकायचा विचार करतेय. पण तीन ओव्यांत आजीने जावेबद्दल जे म्हटलंय ते... जाऊबाईंची मुलं गणपतीला समोरच बसणारेत! त्या तीन टाकायच्या की नाही हे मी ठरवणार नाही, आत्या आणि ती मुलं मिळून काय ते सांगतील, आणि हे अपलोडच्या आधी विचारायचं, कारण लोकांनी एकदा उतरवून घेतलं की परत घेता येत नाही.

पिशवीत: डिस्क, साउंड कार्ड, दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर, स्पिरिट, कापूस, मऊ पेन्सिल, एक्स्टेन्शन बोर्ड. गावी रेंज फक्त विहिरीपाशी येते, तेव्हा अपलोड परत आल्यावर घरच्या वायफायवर. टेपरेकॉर्डरला चार मोठे सेल पण घेतलेत, आरतीच्या वेळी लाइट जाते.