सॅलिंजर माणूसघाणा होता म्हणे! त्याचं आयुष्य वाचायचं कसं

अमेरिकन लेखक जे. डी. सॅलिंजरचं नाव काढलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, तोच ना तो माणूसघाणा, एक कादंबरी गाजली आणि दार लावून बसला. मीपण तिथूनच सुरुवात केलेली, दोनतीन महिने नुसतं गॉसिप वाचत बसलो, कोणाबरोबर राहिला, काय खायचा, आणि शेवटी लेखक हाती लागलाच नाही. तुम्ही तसं करू नका.

आधी एका कागदावर चार तारखा लिहा. १ जानेवारी १९१९, न्यूयॉर्कमध्ये जन्म. १६ जुलै १९५१, 'द कॅचर इन द राय', म्हणजे ती गाजलेली कादंबरी, बाजारात. १९ जून १९६५, 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात शेवटची छापलेली गोष्ट. २७ जानेवारी २०१०, मृत्यू. पहिली गोष्ट १९४० मध्ये छापून आली होती, म्हणजे छापण्याची वर्षं २५ आणि न छापण्याची ४४ च्या वर. सगळे त्या ४४ वर्षांचाच काथ्याकूट करत बसतात.

तुम्ही मात्र सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करा, हे मी हात जोडून सांगतो. ६ जून १९४४ ला हा माणूस अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्सच्या नॉर्मंडीत युटा बीचवर उतरला, पुढे हुर्टगनचं जंगल, मग बल्जची लढाई, आणि कॅचरची काही प्रकरणं त्या सगळ्यात सोबत वागवत होता. त्याचं काम काउंटर इंटेलिजन्सचं, म्हणजे पकडलेल्या लोकांची चौकशी वगैरे. डाखाऊ या नाझी छळछावणीच्या एका उपछावणीत तो पोचला तेव्हा तिथे जे होतं त्याबद्दल त्याने नंतर मुलीला सांगितलं की जळक्या मांसाचा वास नाकातून कधी पूर्ण जात नाही. १९४५ मध्ये न्यूरेंबर्गच्या हॉस्पिटलात मनाच्या उपचारांसाठी भरती झाला. हे वाचून झालं की त्याची 'फॉर एस्मे' ही गोष्ट घ्या आणि त्यातला हात थरथरणारा सार्जंट बघा. मग न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशचं घर, जिथे तो १९५३ मध्ये राहायला गेला, जरा वेगळं दिसायला लागतं.

आता चरित्रं. इथे एकच नियम, पान उघडायच्या आधी बघा कोण बोलतंय. लेखिका जॉइस मेनार्डचं १९९८ चं पुस्तक आहे, १९७२ मध्ये ती १८ ची आणि तो ५३ चा असताना ती त्याच्या घरी राहायला गेली होती. मुलगी मार्गारेटचं २००० चं आहे, आणि तिच्या धाकट्या भावाने, मॅटने, ते जाहीरपणे खोडून काढलं, माझे वडील असे नव्हतेच म्हणाला. कोण खरं? माझ्या मते दोघंही, एकाच घरातल्या दोन भावंडांना कधी सारखे वडील मिळालेत? दोन्ही बाजू वाचा, निवाडा द्यायची घाई करू नका.

चरित्रकार इयन हॅमिल्टनचं १९८८ चं पुस्तक घेतलंत तर आधी त्याची कोर्टकेस समजून घ्या, नाहीतर पुस्तक असं चाचपडत का लिहिलंय ते कळणार नाही. हॅमिल्टनने विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांतून सॅलिंजरची पत्रं मिळवली होती, सॅलिंजरने दावा लावला, आणि १९८७ मध्ये जिंकला. कागद लायब्ररीचा असला तरी पत्रातल्या शब्दांवर हक्क लिहिणाऱ्याचाच. गंमत अशी की दाव्यासाठी त्याला ती पत्रं कॉपीराइट ऑफिसात रजिस्टर करावी लागली, म्हणजे ज्याला वाचायची त्याने तिथे जाऊन वाचावीत! लपवायला गेला आणि स्वतःच चव्हाट्यावर ठेवून आला.

यापुढचा भाग आपल्याला सोपा जातो. तो न्यूयॉर्कच्या रामकृष्ण-विवेकानंद सेंटरमध्ये जायचा, तिथल्या स्वामी निखिलानंदांशी त्याचा संबंध होता. 'फ्रॅनी अँड झुई' हे त्याचं पुस्तक हातात आलं की त्यातल्या दोन मोठ्या भावांच्या खोलीच्या दाराचं वर्णन शोधा, दाराच्या आतल्या बाजूला पांढरा बोर्ड ठोकलाय आणि त्यावर दाटीवाटीने उतारे लिहिलेत, आणि त्यात चक्क गीता, अधिकार कामावर, फळावर नाही. आपण 'कर्मण्येवाधिकारस्ते' लग्नपत्रिकेपासून रिक्षाच्या पाठीपर्यंत वाचत आलोय त्यामुळे नजर घसरून पुढे जाते. तिथे थांबा. १९७४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ला फोनवर तो म्हणाला होता की न छापण्यात फार शांतता आहे, मला लिहायला आवडतं पण मी स्वतःसाठी लिहितो. लिहिणं थांबवलंच नव्हतं त्याने, फळ तेवढं सोडलं. मला तरी यात फारसं गूढ वाटत नाही.

न छापलेलं शोधत इंटरनेटवर फिरू नका. २०१३ मध्ये तीन गोष्टी लीक झाल्या होत्या, त्यातली एक प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लायब्ररीत तिथेच बसून वाचायची असते. मॅटने २०१९ मध्ये सांगितलंय की वडिलांचं लिखाण छापायची तयारी चालू आहे, तोवर थांबू.

आणि माणूसघाणा? कॉर्निशचे लोक त्याच्या घराचा पत्ता विचारणाऱ्याला सरळ भलतीकडे पाठवायचे, पण हा स्वतः शेजारच्या हार्टलंड गावी चर्चच्या रोस्ट बीफच्या जेवणाला जायचा, पंगत बसायच्या तासदीड तास आधीच. स्पायरलच्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत बसायचा, आणि जागा पकडायचा ती पाई, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, ठेवलेली असते त्याच्या जवळची.